घड्याळजीचं पुढे काय झालं

प्रिय उपग्रह,

माझ्या गेल्या तीन निरोपांना तू अंगठा पाठवलास. पहिल्यात मी लिहिलं होतं की बाबांचा डावा कान पूर्ण गेला, दुसऱ्यात लिहिलं होतं की उजवाही चालला आहे, आणि तिसऱ्यात विचारलं होतं की तू येतोस कधी. तिन्हींना तोच एक पिवळा अंगठा. मी संस्कृतच्या वर्गातल्या मुलांकडून एकेका नामाची चोवीस रूपं घोकून घेते, आणि माझ्या सख्ख्या भावाचं सगळं आयुष्य एका रूपात भागतं. म्हणून हे पत्र. याला उत्तर द्यायचं तर निदान पेन शोधावं लागेल.

आधी कानाचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उजवा कान फार तर चार-सहा महिने साथ देईल, तेही कुणी अगदी जवळ बसून सावकाश बोललं तर. यंत्र लावून पाहिलं. ते शिट्टी वाजवतं, आणि बाबा त्याला उलट शिट्टी वाजवून दाखवतात. डोळे जाऊन छत्तीस वर्षं झाली; आता कान गेला की त्यांच्यापर्यंत काही पोचवायचं तर तळहातावर अक्षरं गिरवावी लागतील. हे नीट डोक्यात ठेव आणि पुढे वाच, कारण पुढे मी तुझ्या त्या भिकार मालिकेबद्दल बोलणार आहे.

भिकार हा शब्द मी विचारपूर्वक वापरला आहे. आमच्या शाळेच्या ग्रंथपालबाईंना कुठूनशी 'ध्रुवयान' आणि 'शेवटचा दिवा' या दोन्ही मालिकांच्या तबकड्या मिळाल्या, आणि सुट्टीत मी दोन्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिल्या. हौस म्हणून नव्हे. रोज सकाळचा चहा झाला की बाबा सुरू होतात: ताई, तुझं यान ठीक होतं गं, पण त्या दिव्याची सर नाही. चौतीस वर्षं मी हे ऐकत आले आहे. कुणीतरी एकदा पुराव्यानिशी निकाल लावायला हवा होता.

तर निकाल ऐक. 'ध्रुवयान'मध्ये बारा माणसं, इस्त्रीचे गणवेश आणि दर आठवड्याला नवा ग्रह. कप्तानबाई प्रत्येक भांडण पन्नास मिनिटांत मिटवतात, आणि मिटवण्याआधी साडेतीन मिनिटं भाषण करतात. ते भाषण मला तेव्हा उपनिषदासारखं वाटायचं. आता मुख्याध्यापकांसारखं वाटतं. शिवाय कुठल्याही ग्रहावर उतरा, तिथले लोक कपाळाला काहीतरी चिकटवून अस्खलित यानातल्यांचीच भाषा बोलतात. एवढ्या विश्वात एकालाही व्याकरण शिकावं लागत नाही, हे मी पोटापाण्याच्या दृष्टीनेही गंभीरपणे घेते. पण निदान या लोकांनी पैसा खर्च केला आहे. तारे ताऱ्यांसारखे दिसतात.

आणि तुझा 'शेवटचा दिवा'? यानांना वाट दाखवणारं अंतराळातलं एक दिव्याचं ठाणं, त्यावर चार माणसं, आणि सुटका करायला येणारी पुढची तुकडी, जी काही येत नाही. एकच बोळ इकडून आणि तिकडून दाखवून त्यांनी एकोणचाळीस भाग काढले आहेत. तिसऱ्या भागात भिंतीला टेकलेला स्वयंपाकी भिंतीसकट हलतो. हवेचा पंप पाचव्या भागात बिघडतो, नवव्यात बिघडतो, चौदाव्यात दुरुस्त होऊन पंधराव्यात बिघडतो. तू लिफ्ट दुरुस्त करण्याच्या धंद्यात का गेलास, ते मला आत्ता समजलं. एक मात्र कबूल करते. माझ्या यानातले लोक कधी कंटाळत नाहीत, तुझ्या ठाण्यावरचे कंटाळतात, आणि कंटाळूनही दिवा विझू देत नाहीत. तेवढे गुण दिले. पण म्हणून ती मालिका माझ्या मालिकेपेक्षा सरस? कुठल्या तोंडाने?

त्या रविवारांची आठवण तुला आहे ना? डोळे गेल्यावर बाबांनी घड्याळांचं दुकान बंद केलं, आणि दुपारभर ते त्या परक्या भाषेतल्या वाहिनीसमोर बसायचे, दिसत नव्हतं आणि कळतही नव्हतं. आपल्याला शाळेत ती भाषा होती, मग आपण काम वाटून घेतलं. पहिला तास माझा, उजव्या बाजूला बसून 'ध्रुवयान' सांगायचा. दुसरा तास तुझा, डाव्या बाजूला. तुझ्या बाजूचा कान आधी गेला, याचाही राग ते माझ्यावरच काढतात. मी सांगायचे ते चोख: आधी मूळ वाक्य, मग अन्वय, मग अर्थ. 'यानाची गतिशक्ती सुप्तावस्थेत आहे,' असं मी म्हटलं की बाबा विचारायचे, अगं, म्हणजे इंजिन बंद पडलंय का? तुझ्या तासाला त्यांनी असलं काही कधी विचारलं नाही. ते गुडघ्यावर टाळी मारायचे. स्वयंपाकघरात मला आणि आईला ती ऐकू यायची, आणि आई हसायची, आणि मी भांडी जरा जोरात आपटायचे.

तर मी एकोणचाळीस भाग पाहिले ते मुख्यतः एका माणसासाठी. बाबा ज्याच्याबद्दल अजून बोलतात, तो ठाण्यावरचा म्हातारा घड्याळजी. दिवा ठरल्या क्षणी लुकलुकायला हवा, नाहीतर यानं आदळतील, म्हणून सगळा भार त्याच्या घड्याळावर. त्याला दिसत नाही. तो कानाने आणि बोटांनी दुरुस्ती करतो, आणि दर आठवड्याला कप्तान त्याला काढून टाकायला निघतो, आणि दर आठवड्याला ठाणं त्याच्यामुळे वाचतं. मी एकेक भाग डोळ्यांत तेल घालून पाहिला. स्वयंपाकी आहे, कप्तान आहे, डॉक्टर आहे, ती रडकी तारायंत्रवाली आहे. घड्याळजी नाही. कुठल्याच भागात नाही.

हे मला नवं नव्हतं. तू तेरा वर्षांचा होतास आणि मी सतरा. परीक्षेमुळे मी एका रविवारी बाहेरच्या खोलीत पुस्तक घेऊन बसले होते, आणि तुझा तास चालू होता. ती भाषा तुझ्यापेक्षा मला जास्त यायची. पडद्यावर डॉक्टर आणि कप्तान जेवत होते, आणि तू बाबांना सांगत होतास की घड्याळजीने अंधारात, नुसत्या बोटांनी, घड्याळाची तुटलेली कमान जोडली. बाबांची बोटं त्यांच्या मांडीवर हलत होती, जणू कमान त्यांच्याच हातात होती. संध्याकाळी तू खेळायला गेल्यावर मी बाबांना सांगितलं की असा माणूसच त्या मालिकेत नाही, तो मनाचं सांगतो. चूक दिसली की दुरुस्त करायची, एवढंच मला शिकवलेलं होतं. पुढच्या रविवारी तू येऊन बसलास, तर बाबा म्हणाले, राहू दे रे आज, रेडिओ लाव. त्यानंतरच्या रविवारीही तेच. तू चौथ्या रविवारी विचारणं बंद केलंस आणि शाळा संपल्यावर वसतिगृह गाठलंस. तेव्हापासून तुमचं बोलणं म्हणजे तब्येत कशी आहे, बरी आहे, तुझी कशी आहे. तुला आजवर वाटत आलं असेल की बाबांना तुझा कंटाळा आला. त्यांना लाज वाटत होती रे. आपल्यासाठी पोराला दर रविवारी एक माणूस घडवावा लागतो, याची. हे त्यांनी मला या सोमवारी सांगितलं, आणि वर असंही की तेव्हाच तुला बोलावून घ्यायला हवं होतं, पण कसं म्हणायचं ते सुचलं नाही आणि मग वर्षं गेली.

आणि सोमवारीच त्यांनी मला विचारलं, शेवटी त्या घड्याळजीचं काय झालं गं? तो नाही, हे माहीत असूनही. मी ऐनवेळी काहीतरी जुळवलं: पुढची तुकडी आली, घड्याळजीचा सत्कार झाला, त्याने दोन शब्द बोलून दाखवले. बाबा म्हणाले, हा तुझ्या यानातला झाला, आमच्या ठाण्यावर सत्काराला वेळ कुणाला? मला इतका संताप आला की मी उठून कपडे वाळत घालायला गेले. पन्नाशी उलटलेली बाई, एका नसलेल्या म्हाताऱ्यावर जळते आहे.

मूळ मालिकेचा शेवटचा भाग मी पाहिला आहे. तुकडी येत नाही, दिवा एकदा लुकलुकतो आणि चित्र बंद होतं. बहुधा त्यांचे पैसे संपले. ते तू बाबांना सांगू नकोस. रजा कशी काढायची ते तू बघ, लिफ्टवाल्यांना चार दिवस जिने चढू देत. उजव्या बाजूची माझी खुर्ची मी तुझ्यासाठी मोकळी करते आहे. तुझा तास मी बुडवला, चौतीस वर्षांपूर्वी, आणि ते तुला सांगायचा धीर मला आत्ता, तो कान बंद व्हायच्या बेतात असताना झाला. ये आणि त्या घड्याळजीचं काय करायचं ते कर; मार, जगव, लग्न लावून दे. मी स्वयंपाकघरात बसेन आणि तू काहीही सांगितलंस तरी एक अक्षर दुरुस्त करणार नाही.

तुझीच,
ताई