पडदा तपासायचा राहिला

सर, तुम्ही जाऊन सहा वर्षं झाली, तरी सकाळी मशीन सुरू करताना मला तुमचीच धास्ती वाटते. नांदेडच्या दवाखान्यात तुमच्या हाताखाली मी एक्स-रे काढायला शिकलो. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला खोलीबाहेर काढलं होतं. "उन्हातून आलास आन् लगेच फोटो बघायलास का? बस दहा मिन्टं. डोळे निवू दे." मग रोज तुम्ही दिवा मालवायचात, मॉनिटरवर तपासणीचं चित्र लावायचात आणि विचारायचात, काळ्या चौकोनात जरा कमी काळा चौकोन दिसतो का, पांढऱ्यात कमी पांढरा दिसतो का? नाही दिसला, तर पेशंट थांबायचा आणि आधी मॉनिटरचा पडदा नीट व्हायचा. एकदा मी म्हणालो, "सर, लई झकास दिसायलंय की." तुम्ही म्हणालात, "झकास लग्नाच्या फोटोत बघ. हितं बारीक बघायचं." मला राग आला होता.

पुढं लातूरला नोकरी लागली आणि तुमची शिस्त मी महिनाभरात गुंडाळून ठेवली. गर्दी असायची हे खरं, पण आळसही होता. चित्र उठावदार दिसावं म्हणून मीच मॉनिटरचा कॉन्ट्रास्ट वाढवून ठेवलेला; त्यात फिक्या छटा बुडून जायच्या. तुम्ही निवृत्त होऊन उदगीरला राहायला गेला होतात. तिथून खोकला घेऊन माझ्याकडे आलात, माझ्यावर विश्वास म्हणून. डॉक्टरांनी तुमच्या छातीचा फोटो त्याच पडद्यावर पाहिला आणि काही नाही असं लिहिलं. मीही म्हणालो, "साफ आहे, सर." शर्टाची बटणं लावत तुम्ही विचारलंत, "सकाळी पडदा बघितलास ना?" मी हो म्हणालो. तुम्ही उदगीरची गाडी धरलीत.

तीन आठवड्यांनी मॉनिटर दुरुस्त करणारा आला आणि त्यानं सगळं मूळ जागी आणलं. तो गेल्यावर मी तुमचा फोटो उघडला. गळ्याच्या हाडामागे सुपारीएवढा डाग होता. मला भीती वाटली, तुमच्यासाठी कमी, स्वतःसाठी जास्त. तुम्हाला सांगायचं म्हणजे डॉक्टरांना सांगणं आलं आणि मग माझी नोकरी. उद्या करू म्हणत तो फोन मी केलाच नाही. पाच महिन्यांनी हैदराबादला कॅन्सरचं निदान झालं, तोवर आजार हाडांत उतरला होता.

तुमच्या दहाव्याला काकूंनी मला बाजूला घेतलं. "तू त्यांच्याच हाताखालचा. खरं सांग, आधी कळलं असतं तर वाचले असते का?"

"न्हाई काकू. कळण्यासारखं कायच नव्हतं."

त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. हे पत्र द्यायचं तर त्यांनाच द्यायला हवं, पण ते माझ्याच्यानं होत नाही. दर दिवाळीला त्या मला फराळाचा डबा पाठवतात, सर. मी तो खातो.