पाठ बघून मगच सही

मी, श्रीमती कार्मिन व्हॅलेरियन तुस्कानो, वय त्र्याहत्तर, धंदा शेती, राहणार गास, नालासोपारा पश्चिम, तालुका वसई, जिल्हा पालघर, माझं हे मृत्युपत्र शुद्धीत राहून, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहिते. डॉक्टरांनी मला तपासून दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. शाळा दुसरीपर्यंत झाली. वाचायला मी लग्नानंतर शिकले, देवळातल्या गीतांच्या पुस्तकावरून आणि वाण्याच्या पुडीच्या कागदावरून. तेव्हापासून छापलेलं आणि लिहिलेलं मी खरं मानत आले. हे आधीच सांगते, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

१. माझे पती व्हॅलेरियन आणि मी, आम्ही दोघांनी सन २०२१ मध्ये केलेल्या मृत्युपत्रांत आमची पानवेलीची वाडी आधी मागे राहणाऱ्याला आणि त्याच्यानंतर एका वृद्धाश्रमाला लिहून दिली होती. त्यांपैकी माझं मृत्युपत्र मी रद्द करते. वाडी आणि घर आता माझ्या एकटीच्या नावे आहे. मुलगा स्टॅनी याने आपला हक्क सोडला आहे. आश्रमाचं नाव इथे लिहीत नाही. वकील म्हणाले, "बाई, नाव घ्यायचं तर वेगळ्या कागदावर घ्या." म्हणून ते बंद पाकिटात ठेवलं आहे.

२. राहतं घर, कपाटं आणि देव्हारा स्टॅनीला. तो चंदनसारला तिसऱ्या मजल्यावर राहतो, तिथे लिफ्ट नाही. पतींचं अंग एका बाजूने गेल्यावर त्यांना उचलणं मला होईना, त्यालाही रोज येणं होईना. बापाला त्याच आश्रमात टाकलं म्हणून त्याला कोणी टोमणा मारू नये. आश्रमाच्या अर्जावर पहिली सही माझी आहे.

३. हवेची गादी, मोटारीसह, सध्या माळ्यावर आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची पाठ सोलू नये म्हणून ती असते. मी ती पतींसाठी घेऊन आश्रमात दिली होती. एका शुक्रवारी गेले तर पती साध्या गादीवर आणि माझी गादी दारालगतच्या खोलीत दुसऱ्याच आजोबांखाली. मॅनेजरबाई म्हणाल्या, "काकी, उद्या तपासणीला माणसं येणार आहेत. पुढची खोली जरा नीट दिसायला हवी ना. सोमवारी परत लावते." मी बरं म्हटलं. त्यांनी मला चहा दिला. गादी परत लागली तीन आठवड्यांनी. ती ज्याला लागेल त्याला द्यावी, विकू नये.

४. पत्र्याच्या पेटीत एक कागद आहे. तो पतींच्या खाटेला टांगलेला तक्ता आहे. दर दोन तासांनी कूस बदलायची आणि समोर बरोबरची खूण करायची, असा तो तक्ता. मी गेले की आधी तोच वाचायची. डावी, उजवी, डावी, उजवी, एकही घर रिकामं नसायचं. मला बरं वाटायचं. एकदा दुपारी चारला सहाच्या आणि आठच्याही खुणा झालेल्या दिसल्या. मी पाहिलं आणि बोलले नाही. वाटलं, यांना पुढचं काम आधी उरकायची सवय असेल.

मी चाळीस वर्षं विड्याची पानं बाजाराला लावली. करंडीत वर चांगली पानं, खाली डागी. हे आम्ही सगळे करतो, घेणाऱ्यालाही माहीत असतं, तो हात घालून खालचं पान वर काढतो. मीच तशी करंडी लावणारी, पण तिथे मी हात घातला नाही.

पती म्हणायचे, "पाठ जळते गो." मी तक्ता बघून सांगायचे, "आत्ताच तर कूस बदललीय तुमची." हे मी किती वेळा म्हटलं ते आठवत नाही.

ज्या दिवशी त्यांना इस्पितळात हलवलं त्या दिवशी सकाळी अकराला गाडी आली. सामान आणायला मी दुपारी एकला परत गेले. तक्त्यावर संध्याकाळी सहापर्यंतच्या खुणा होत्या. मी तो कागद घडी करून पिशवीत टाकला. पती पाचव्या दिवशी गेले. डॉक्टरांनी जखम दाखवली तेव्हा आत हाड दिसत होतं. तेव्हा मी रडले नाही, अजूनही रडलेले नाही. लोक म्हणतात, कार्मिन धीराची आहे. तसं काही नाही.

५. विनया ही त्या आश्रमात आया होती. पंचवीस माणसांमागे दुपारी ती एकटी असायची. तिनेच मला कपडे वाळत घालताना सांगितलं होतं, "मावशी, कागद काय बघता? चादर वर करा, पाठ बघा. मला एकटीला सगळ्यांना वळवणं होत नाही आणि खुणा केल्या नाहीत तर बाई ओरडतात." मी तिलाच म्हटलं, "तू कामचुकार आहेस." पती गेल्यावर तिला कामावरून काढलं. हल्ली ती सातिवलीला एका गाळ्यात पॅकिंग करते. तिची माफी मी तोंडी मागितली आहे. ती म्हणाली, "जाऊ दे मावशी, तुम्ही तरी कुठे सुखात होतात." माझ्या सोन्याच्या दोन बांगड्या तिला द्याव्यात.

६. वाडीबद्दल. स्टॅनीचं म्हणणं, आश्रमाला एक पानही देऊ नये. मी विचार केला. तिथे अजून माणसं झोपून आहेत आणि त्यांची पाठ बघायला कोणी नाही. म्हणून माझ्यामागे वाडी पाच वर्षं स्टॅनीने सांभाळावी आणि तिच्या उत्पन्नातून विनयाला पगार द्यावा. तिने आठवड्यातून दोनदा, फोन न करता, दुपारी जावं. प्रत्येक झोपलेल्या माणसाची चादर वर करून पाठ बघावी. पाण्याचा पेला आणि बोलवायची घंटा हाताशी आहे का, मागच्या दाराला कुलूप तर नाही ना, दुपारी किमान तीन बाया कामावर आहेत का, एवढं बघावं आणि मग वहीत सही करावी. आधी सही करू नये. पाच वर्षं हे नीट चाललं तर वाडी आश्रमाची. विनयाला दारात अडवलं किंवा हयगयीने कोणाची पाठ फुटली, तर वाडी स्टॅनीची. वकील म्हणाले, ही अट कोर्टात टिकेल की नाही सांगता येत नाही. मी म्हटलं, तरी लिहिणार.

७. मी स्वतः अंथरुणाला खिळले तर स्टॅनीने विनयाचं जाणं तेव्हापासूनच सुरू करावं आणि मला याच आश्रमात ठेवावं. रागाने लिहीत नाही. विनया येणारच असेल तर मला तिथे चालेल.

८. दीर फ्रेडरिक यांनी आमच्या सामाईक बावखलात भराव टाकून गाडी लावायला जागा केली. त्या तळ्याचं पाणी आमच्या पानवेलीला जायचं. हे मी विसरलेले नाही आणि माफही केलेलं नाही. तरी साक्षीदार म्हणून त्यांनाच बोलावलं, कारण माझी चूक ते कधीच पोटात घालत नाहीत.

९. मला पतींच्या शेजारी पुरावं. मिस्साची प्रार्थना साधी असावी. पेटीतला तो कागद माझ्याबरोबर पुरू नये. विनयाच्या वहीच्या पहिल्या पानाला चिकटवावा.

शेवटचं. फ्रेडरिक काल संध्याकाळी आले होते. म्हणाले, "वहिनी, उद्या मला लग्नाला जायचंय. आत्ताच सही करून ठेवतो, तारीख तुम्ही उद्या टाका." मी म्हटलं, "भाऊजी, उद्याच या." ते म्हणाले, "अहो, सही काय पळून जाते?" मी पेटी उघडून त्यांना तो तक्ता दाखवला, सहाच्या खुणेवर बोट ठेवून. त्यांनी तो हातात घेऊन वाचला. मग चप्पल घालून गेले.

आज सकाळी लग्नाचे कपडे घालून ते आले आहेत आणि समोर बसले आहेत. दाखला देणाऱ्या डॉक्टरही आहेत. वरचं सगळं मी त्यांना वाचून दाखवलं. आता मी सही करते. ते दोघं बघत आहेत.

ठिकाण : गास
दिनांक : २३ नोव्हेंबर २०२५, सकाळी ९ वाजून १० मिनिटं

लिहून देणार :
कार्मिन व्हॅलेरियन तुस्कानो

साक्षीदार, ज्यांनी माझी सही होताना पाहिली आणि त्यानंतर माझ्यासमोर स्वतःची केली :
१. फ्रेडरिक तुस्कानो, ९ वाजून १२ मिनिटं
२. डॉ. उन्नती चुरी, ९ वाजून १३ मिनिटं