फेरस सल्फेटचं ताजं द्रावण

प्रिय उर्मिला,

पत्रात तरी मॅडम म्हणत नाही. लॅबमध्ये आपण दोघंच असायचो तेव्हाही कुठे म्हणायचो? मी बारावी नापास शिपाई, तू केमिस्ट्रीची प्राध्यापिका, तरी ब्युरेट वाचायला तूच मला शिकवलंस. वरून परमँगनेटचा जांभळा थेंब पडायचा आणि खालच्या फ्लास्कमध्ये त्याचा रंग नाहीसा व्हायचा. फिकट गुलाबी टिकला की थांब, असं तू माझ्या खांद्यावरून वाकून सांगायचीस. मला तो केव्हाच दिसलेला असायचा, तरी मी उगाच परत विचारायचो. एका रविवारी उत्तनला गेलो होतो. सुकत घातलेल्या बोंबलांच्या वासाने नाक धरून तू हसत होतीस. त्याच दिवशी तुला विचारायला हवं होतं. माझी हिंमत झाली नाही.

मग ती बोर्डाची प्रॅक्टिकल. फेरस सल्फेटचं द्रावण सकाळी ताजं करायचं, हे तूच शिकवलेलं. पण पावडरचं वजन तुझ्यासमोर करायचा नियम, आणि सकाळी तुला काशीमीऱ्याच्या ट्रॅफिकची धास्ती. आदल्या संध्याकाळीच करून टाक म्हणालीस. मी नको म्हटलं, तू चिडलीस, मी केलं. सकाळी बघतो तर हिरवट द्रावण पिवळं पडलेलं. रात्रभर हवा लागून जे व्हायचं ते झालं होतं. परत करूया म्हणालो, तर बाहेरचे परीक्षक येऊन बसलेत, चालवून घे, म्हणालीस. सगळ्या बॅचची रीडिंग्ज कमी आली. परीक्षकांनी कारण विचारलं तेव्हा माझ्याकडे न बघता तू सांगितलंस, उदयने मला न विचारता कालच करून ठेवलं.

त्या संध्याकाळी जिन्यात तू माझा हात धरलास. थोडे दिवस गप्प राहा, प्रकरण निवळलं की मी प्राचार्यांना खरं सांगते, म्हणालीस. आणि मी मूर्खासारखा गप्प राहिलो. लॅब असिस्टंटची जागा मला मिळणार होती, ती गेली. अकरा वर्षं गेटवर बसतोय. अजून नवीन शिक्षक एकमेकांना सांगतात, याच्यामुळे बॅचचं नुकसान झालं. रोज तुझी स्कूटर आत येते, बरं आहे ना, असं तू विचारतेस आणि उत्तराला थांबत नाहीस. त्याचा मला फार राग येतो.

परवा तुझी विद्यार्थिनी संजना गेटवर आली. मॅडमच्या निवृत्तीचा गौरवअंक निघतोय, तुमच्या लॅबच्या दिवसांची आठवण लिहा, मॅडमनीच तुमचं नाव सुचवलंय, म्हणाली. तू माझं नाव कुठल्या धीराने सुचवलंस, मला कळत नाही. मार्चमध्ये मीही निवृत्त होतोय, आणि तो डाग घेऊन मला नवघरच्या घरी जायचं नाही. हेच पत्र मी अंकात छापायला संजनाच्या हातात देतोय. तुझ्याकडे आलीय ती झेरॉक्स. अंक शनिवारी छपाईला जातो. प्राचार्यांना त्याआधी तू स्वतः सांगितलंस तर ते आधी तुझ्या तोंडून ऐकतील, एवढंच मी तुझ्यासाठी करू शकतो.

इतकी वर्षं तुझाच,
उदय