दोन्हीकडे मायचं नाव

६ जानेवारी १९६३, अमरावती
दिवाळीपासून वही उघडली नाही. चुकलंच. लिहिलं की भीती खरी होते, म्हणून टाळत होतो. मायला क्षय आहे. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनं बरेच महिने; खंड पडला तर हाताबाहेर जाईल. माझ्या सरकारी नोकरीमुळे खर्च सरकारकडून मिळतो. ती माझ्यावर अवलंबून आहे, दुसऱ्या कुठल्या सरकारी योजनेत तिचं नाव नाही, असं कचेरीत सही करून दिलं आहे. म्हणून निभतंय.

१५ जाने.
भाऊ सुखदेव काल अकोल्याहून मायला न्यायला आला. बौद्ध झाल्यापासून संक्रांत करत नाही, पण मायची पाळी अजून संक्रांतीलाच बदलते. सहा महिने माझ्याकडे, सहा धाकट्याकडे. सहज म्हणाला, "गिरणीच्या कामगार विम्यात मायचं नाव हाये, दादा. दवाई फुकट."
मी म्हटलं, "अरे, मीही लावलंय. दोन्हीकडे चालत नाही."
"मंग काय अर्धी तुही, अर्धी माही लिवायची होती?"
तो हसला.
इंजेक्शनं इथं चालू, म्हणून मायला ठेवून घेतलं. तो एकटाच परतला.

२० जाने., रविवार
विहारात पंचशील म्हणताना 'मुसावादा'पाशी, खोटं न बोलण्याच्या शीलापाशी, अडखळलो. सही केली तेव्हा माहीत नव्हतं. आता माहीत आहे. मग आताचं गप्प बसणं...
हेडक्लार्क एरवीही म्हणतात, "तुम्हा लोकांचं बरं, सगळं सरकारचं." माझी एक चूक त्यांना आमच्या मागून येणाऱ्या सगळ्यांना नावं ठेवायला पुरेल.

२२ जाने.
ओळखीच्या एकाचं म्हणून हेडक्लार्कना विचारलं.
"आधी दोन्हीकडचं बंद. मग चौकशी. महिनोन्‌महिने." चष्म्यावरून पाहिलं. "कोण हो हा ओळखीचा?"
"गावाकडचा," म्हणालो. हे मात्र कळूनसवरून बोललेलं खोटं. किती पटकन आलं.

२४ जाने.
शेवटी बायकोला, शांताला, सगळं सांगितलं. म्हणते, "आत्याबाई बऱ्या होईस्तोवर तोंड उघडू नका. मग काय ते सांगा." तिचं चूक कसं म्हणू? पण दर बिलावर तेच लिहून नवी सही. आणि त्यांनीच आधी शोधलं तर नोकरी, सुखदेवची गिरणी, इंजेक्शनं, सगळंच.
मायनं ऐकलं असावं. खोकल्याची उबळ ओसरल्यावर म्हणाली, "दोघायनंबी मले आपली म्हनलं, अन् आता दोघंबी भेऊन राहिले. काहून रे?"
तिचं पांघरूण नीट केलं.

उद्या: कचेरी उघडताच साहेबांना एकांतात भेटून दोन्हीकडचं सगळं सांगणे.