कसर लागलेलं धोतर

१८ नोव्हें. ०७, रवि.
शिरगावच्या प्लॉटवरच्या सागाकडे आज पुन्हा. पानं आता अगदी बरोबर झालीत. अळीने हिरवं सगळं फस्त केलंय, शिरा तेवढ्या ठेवल्यात. उन्हाकडे धरलं की नुसती जाळी. इतकी वर्षं शाळेत चित्रकलेच्या तासाला "पान काढा" सांगते, पोरं तेच ते गुळगुळीत पान काढतात, मधे एक रेघ, आणि मी बरोबरची खूण करते. कोणाचंही पान खाल्लेलं नसतं. माझंही नव्हतं, आत्तापर्यंत.

नानांचं, म्हणजे सासऱ्यांचं, जुनं धोतर सासूबाईंनीच दिलं होतं. नाना गेल्यापासून ट्रंकेत होतं. "घे, फडक्याला होईल." पावसाळ्यात सागाचा कोवळा पाला कुटून त्या लाल पाण्यात बुडवलं, आता मातकट तपकिरी झालंय. त्याला आता या पानांसारखी भोकं पाडायची, उदबत्तीने. गच्चीवर बसून, नाहीतर घरभर जळका वास आणि प्रश्न.

२५ नोव्हें.
दोरा आणायला उल्हासनगर, कॅम्प दोन. रंग जुळवायला धोतर सोबत नेलं. दुकानदाराने काउंटरवर पसरलं, एका भोकातून बोट काढून दाखवलं, "मॅडम, सेकंड का माल है क्या?" मैंने बनाया है, म्हटलं. तर म्हणे टेन्शन नहीं, ऊपर पॅच लगा दो. डोकं फिरलं. दोरा मात्र हवा तसा मिळाला, शिरांच्या रंगाचा.

सुनीलला सांगितलं तर हसत सुटला. नवरा आहे, हसणारच. मग विचारतो, "पण खरंच, भोकं कशाला?" मी सुईत दोरा ओवायला घेतला.

३० नोव्हें.
मुंबईच्या प्रदर्शनवाल्या बाईंचा फोन. माझं एक काम घेणार, मोठं, म्हणजे हे धोतरच, डिसेंबरअखेर पाठवायचं. शाळेच्या भिंतीबाहेर पहिल्यांदा काही लागणार. चाळिशी उलटली. हे हुकलं तर परत कोण बोलावतंय.

बाई म्हणाल्या, थोडी फुलपाखरं घालता येतील का, निसर्ग म्हटलं की लोकांना जरा प्रसन्न लागतं. मी नुसतं हं हं केलं. फोन ठेवल्यावर पुष्कळ बोलले, भिंतीशी.

९ डिसें.
साग तोडला. प्लॉट साफ, बुंधासुद्धा उपटलाय. त्या जागी फलक, 'निसर्गाच्या कुशीत वन बीएचके'. फलकावर पान छापलंय. हिरवंगार, एक भोक नाही. वॉचमनशी भांडले. तो बिचारा म्हणाला, ताई, मी परवा लागलो इथे. त्याच्यावर ओरडून काय मिळालं? काही नाही. तरी ओरडले.

घरी पेपरात दाबून ठेवलेली पानं उघडली तर चुरा. आता जे काही आहे ते धोतरावर. प्रत्येक भोक पान समोर ठेवून पाडलंय, मनाने एकही नाही. तेवढं तरी वाचलं.

१४ डिसें.
शिरांचे टाके घालून संपले. खोलीत दोरीवर टांगलंय. सकाळी खिडकीतून ऊन आलं आणि भिंतीवर जाळी पडली. खूप आनंद झाला, कोणाला सांगितलं नाही. पुढचा आठवडा गॅदरिंगचा, रोज अंधार पडेपर्यंत शाळेत.

२० डिसें.


सासूबाईंनी भोकं रफू केली. सगळी. मी शाळेत असताना रोज दुपारी गॅलरीत बसून, धोतराच्या कडेचाच धागा काढून. इतकं साफ की उलट्या बाजूनेही कळत नाही. मी चपला काढतेय तोच हाक मारून दाखवलं. चेहरा खुललेला. "कसर लागलेली गं सगळ्याला. तुला टाइम नाय, म्हटलं मीच करते."

मी म्हटलं, छान झालंय. छान झालंय म्हणाले मी! मग मोरीत नळ सोडून रडले.

सुनील म्हणतो, "आईने प्रेमाने केलंय ना." म्हणजे गिळायचं. कोणी मुद्दाम फाडलं असतं तर निदान भांडता आलं असतं. आणि दोरीवरून काढून आईला दिलं कोणी? त्यानेच. त्याला वाटलं खराब झालंय. त्याच्या उशाशी टांगलेलं होतं आणि त्याने एकदाही...

२३ डिसें., रवि.
पोळ्या लाटते ते लाटणं आपटत.

दुपारी उसवायला बसले. सासूबाई दारात. त्यांना वाटलं रफू सुटतंय, म्हणाल्या आण, परत घालते. मग मी सांगितलं सगळं. साग, अळी, उदबत्ती, मुंबई. आवाज चढला माझा. शेजारच्या ब्लॉकचं दार उघडल्याचं ऐकू आलं तरी थांबले नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजे किड्यानं खाल्लं ते चांगलं, नि मी भरलं ते वाईट?"

मी हो म्हटलं. तोंडावर.

त्या आत गेल्या. रात्री जेवल्या नाहीत. मला वाईट वाटायला हवं. वाटत नाहीये, रागच येतोय, त्यांच्या न जेवण्याचासुद्धा.

२६ डिसें.
मोठी भोकं सापडली, उघडली. बारीक सापडत नाहीत. उजेडाकडे धरते, बोटं फिरवते, काही नाही. जाळी त्या बारीक भोकांचीच तर होती. वर लोडशेडिंग. बाईंचा माणूस उद्या संध्याकाळी न्यायला येणार.

२७ डिसें.
शाळेला सुट्टी. दुपारी सासूबाई आपणहून आल्या, चष्मा लावून, सुई घेऊन. चार दिवसांत पहिल्यांदा बोलल्या. "मला आता दिसत नाय. तू सांग कुटं कुटं होती, मी उसवते. माझं मला निघंल."

धोतर दोघींच्या मांडीवर पसरलं. एवढी आग पाखडली होती मी, एकेक भोक पानावरून घेतलंय म्हणून. आणि आठवेना. एकही नाही. शिरांच्या टाक्यांमधे नुसतं तपकिरी कापड दिसत होतं. स्वतःचाच इतका राग आला की डोळे भरले. त्या सुई धरून वाट बघत होत्या. "सांग की," म्हणाल्या.

मी एका जागी बोट ठेवलं. इथे, म्हटलं.

तिथे नव्हतं बहुतेक. त्यांनी सुईच्या टोकाने तिथला धागा उचलला, तोडला, आणि म्हणाल्या, "फुडं?"