चक्कर, सूज, झोप नाही

प्रिय ताई,

आई ठणठणीत आहे. गुडघे कुरकुरतात, पण जीभ अजून विशीत आहे. आठ दिवस तू फोन उचलत नाहीस, त्याचा सगळा राग माझ्यावर निघतो. तुझं काम का थांबवलंय ते मी तिला अर्धवटच सांगितलंय: गाण्याच्या बाई जिन्यात कोसळल्या, त्यांना वारंवार चक्कर येत होती, आणि त्यांच्या घरी जाणारी नर्स असून तू ते डॉक्टरांना कळवलं नाहीस, असं आपल्या दवाखान्याच्या साहेबांचं म्हणणं. बाईंना काल भेटून आलो. डावा हात प्लॅस्टरमध्ये आहे, उजव्याने ताल धरून मला बेसूर म्हणाल्या, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. तुझी चौकशी तीनदा केली.

पण साहेबांसमोर तू म्हणालीस म्हणे, की माझंच चुकलं असेल. ते काही माझ्या डोक्यातून जात नाही. वीस वर्षं पेशंटची नखंसुद्धा आठवणीने कापणारी तू, चक्कर लिहायला विसरशील?

दवाखान्यातली ही कॉम्प्युटरची नोकरी मला तुझ्या शब्दावर मिळाली. आमचा धाकटा हुशार आहे असं तू साहेबांना सांगितलंस आणि मीही ते खरं मानलं, तिथेच घोडं पेंड खातं. तुम्ही नर्सबाया प्रत्येक भेटीतली पेशंटची तक्रार कॉम्प्युटरवर वेगळ्या ओळीत भरायच्या, आणि एवढं कोण वाचणार म्हणून डॉक्टर कुरकुरायचे. मग मी चार ओळींचा कोड लिहिला. पेशंटच्या सगळ्या तक्रारी घ्यायच्या, सारख्या असतील त्या एकदाच ठेवायच्या, मधे स्वल्पविराम देऊन एका ओळीत जोडायच्या. डॉक्टर खूश, साहेब खूश. मी तर तुझ्याकडे येऊन दोन कप चहा संपेपर्यंत फुशारक्या मारल्या. तू फक्त विचारलंस, यात काही गळत तर नाही ना? एक शब्दही गळत नाही, असं मी हसत सांगितलं. आणि शब्द खरंच गळत नव्हता.

बाईंच्या कागदावर आलं: चक्कर, सूज, झोप नाही. डॉक्टरांना वाटलं, आली असेल कधी एकदा. साहेबांनी तुझ्यापुढे टाकला तो हाच कागद. मी त्याच संध्याकाळी मूळ नोंदी उघडल्या. तीन आठवड्यांत चक्कर अकरा वेळा, प्रत्येक नोंदीपुढे तुझं नाव. शेवटची तर बाई पडल्या त्याच्या आदल्या दिवशीची.

आणि तरी आठ दिवस मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. लहानपणापासून माझ्या वाटची बोलणी तूच खात आलीस, मला त्याची सवयच लागली असावी. लाज वाटते गं. तुझ्या दारापर्यंत दोनदा येऊन परत फिरलो, म्हणून हे पत्र, आज रात्री दाराखालून सरकवून जाईन. आज सकाळी त्या अकरा नोंदी छापून साहेबांच्या टेबलावर ठेवल्या आणि कोड माझा आहे हे सांगितलं. माझ्या नोकरीचं काय ते ठरवतील. तुला मात्र ते उद्या स्वतः फोन करणार आहेत. तो उचल. ते माफी मागतील, तेव्हा लगेच 'असू दे' म्हणून मोकळी होऊ नकोस. मलाही म्हणू नकोस. तू अकरा वेळा लिहिलं होतंस, ताई. निदान एकदा तरी रागाव माझ्यावर.

तुझाच,
धाकटा