चार नंबरची बाटली

तीर्थस्वरूप एलादिओदादास,

धाकट्या सेल्सोचा वाकून नमस्कार. (अक्षर ओळखून पत्र चुलीत टाकणार असशील, तर आधी ताजा कलम तेवढा वाच.) तुझी छाती आता कशी आहे? ईस्टरला तुला दवाखान्यात ठेवलं होतं हे मला पाववाल्याकडून कळलं. सख्ख्या भावाची खबर पाववाल्याने द्यावी, यात चूक कुणाची ते आज काढत नाही, कारण ती माझीच आहे.

तर मी बायोनाहून किनाऱ्याकिनाऱ्याने चालत निघालो. बसने दोनदा निघालो होतो, दोन्ही वेळा पुढच्याच थांब्यावर उतरून घरी परतलो. पायी निघालं की मागे फिरायची लाज वाटते. बायकोला, दोसिंदाला म्हटलं, गुडघे मोकळे करायला चाललोय. तिने पिशवीला यात्रेकरूंची शिंपली बांधून दिली. त्या शिंपलीने घात केला. जो तो मला सांतियागोच्या संताच्या दर्शनाला निघालेला यात्रेकरू समजून थांबवायचा. कोंबारोत एकाने द्राक्षांच्या मांडवाखाली बसवून वाटीतून घरची वाइन पाजली आणि विचारलं, "कशी आहे?" (बारा वर्षं मी या प्रश्नाला खरं उत्तर देत नाही, का ते तुला ठाऊक आहे.) मी म्हटलं, "छान आहे." तो म्हणाला, "छान म्हणजे वाईट," आणि वाटी काढून घेतली. आज सकाळी कंबादोसच्या ओहोटीच्या वाळूत तिसऱ्यांचे शिंपले वेचणारी एक बाई म्हणाली, "बाबा, संताला माझ्या कंबरेचं तेवढं सांगा." मी म्हटलं, "मी भावाकडे चाललोय हो." तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "मग तुमचंच अवघड दिसतंय," म्हणाली, आणि ओंजळभर तिसऱ्या पिशवीत टाकल्या.

चालताना माणूस नको ते आठवत बसतो. मला जत्रेतली वाइनची ती स्पर्धा आठवत होती. बाटल्यांना कागद गुंडाळलेले, वर नुसते नंबर, आणि परीक्षक मी. चार नंबरची चाखून मी म्हटलं होतं, "यात कुणीतरी पाय धुतलेत." सगळी जत्रा हसली. मग कागद काढला, बाटली तुझी निघाली. तू टोपी उचललीस आणि निघून गेलास, आणि तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगतोय की बाटलीला कागद होता, मला बिचाऱ्याला काय कळणार.

वहिनींना नमस्कार. पायाला फोड आलेत, बाकी क्षेम.

तुझा,
सेल्सो

ता. क. मला कळलं होतं, दादा. पहिल्याच घोटाला कळलं. बाबांच्या वेलींची चव मला कळणार नाही तर कुणाला? मांडव तुझ्या वाट्याला आला, माझ्या वाट्याला होडी आली, आणि ती होडी मी दोन वर्षांत घालवली. तुझी वाइन त्या दिवशी सगळ्यांत चांगली होती. ते मला सहन झालं नाही.

ता. क. २. हे पत्र घेऊन आलेली बाई तुझ्या समोरच्याच खानावळीची मालकीण आहे. मी तिच्या खिडकीत बसलोय, तुझं फाटक इथून स्पष्ट दिसतं. सकाळच्या तिसऱ्या तिने चुलीवर चढवल्यात. तिने वाइन विचारली, मी नको म्हटलं. उत्तर लिहीत बसू नकोस. डॉक्टरांनी बंद केली असेल तर तू नुसता वास घे, पण चार नंबरची आण, आणि वाट्या दोन आण.